वतन सोडणे आणि नोकरी बदलणे

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आम्हा शिक्षकांना अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. "सर, नोकरी चांगली आहे, पगार वेळेवर होतो, पण कामात मन लागत नाही. सोडू का?" पंचवीस वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी विचारीत नसे. तेव्हाचा प्रश्न एकच असे, "सर, नोकरी लागेल ना?" प्रश्न बदलला याचा आम्हांला आनंद होतो आणि उत्तर देताना धास्तीही वाटते. कारण विचारणाऱ्या मुलाच्या मागे बहुधा त्याचे आईवडील उभे असतात. ज्या नोकरीसाठी पोटाला चिमटा घेऊन मुलाला वसतिगृहात ठेवले, तीच नोकरी तो सोडायला निघाला, ही व्यथा त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येते.

आपल्या समाजात यावर एक तयार उत्तर आहे. मनासारखे काम शोधणे ही ज्यांच्या घरी जमीनजुमला आहे, चार पिढ्यांची पुंजी आहे, त्यांची चैन. आपण लागलेली नोकरी धरून राहावे. हे उत्तर अनुभवातून आलेले आहे, म्हणून आम्ही त्याची टवाळी करणार नाही. उलट, 'आवडीच्या मागे धावा, पैसा आपोआप येईल' असे सांगत गावोगाव फिरणाऱ्या प्रेरक वक्त्यांपेक्षा ते कितीतरी प्रामाणिक आहे. तरीही इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आम्हांला वाटते की, काम निवडण्याचा आणि बदलण्याचा प्रश्न आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. आपल्या चळवळीचा तो आरंभापासूनचा प्रश्न आहे.

आपल्या पणजोबांचे काम कोणी ठरवले होते? गावाची सीमा दाखवणे, वेस राखणे, सरकारी भरणा तालुक्याला पोहोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, मृत्यूची वार्ता घेऊन परगावी धावणे, अंमलदार गावात आला की त्याच्या दिमतीला उभे राहणे, ही सारी कामे जन्माबरोबर अंगाला चिकटत. मोबदला म्हणून वतनाची थोडी जमीन आणि खळ्यावरचे बलुते. १८७४ च्या वंशपरंपरागत अधिकाराच्या कायद्याने या बांधणीला सरकारी शिक्का मिळाला. कामाला वेळेची मर्यादा नव्हती. वतनदार घरी नसला तर त्याच्या जागी घरातल्या दुसऱ्याने जावे, अशी सक्ती होती. म्हणजे एका माणसाची नोकरी सगळ्या कुटुंबाच्या गळ्यात पडत असे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महाडच्या परिषदेला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा कायदा पुढे १९५८ साली झाला, तो पाहायला बाबासाहेब नव्हते. मधल्या तीस वर्षांकडे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो. वतन टिकावे असे सरकारला आणि गावाला वाटत होते यात नवल नाही. पण ते सुटेल या भीतीने आपल्या वस्तीतल्याही काही माणसांची झोप उडत होती. जमीन तुकड्याएवढी आणि बलुते अपमानाचे असले, तरी ते 'हक्काचे' होते. हक्काचे थोडे सोडून बिनहक्काच्या जगात पाऊल टाकायला किती धैर्य लागते, हे त्या पिढीने जाणले होते. नोकरी सोडू पाहणाऱ्या मुलाला अडवणारे वडील याच भीतीचे वारस आहेत. त्यांना भित्रे म्हणणे इतिहासाशी अन्याय होईल.

महाडच्या परिषदेत मृत मांस खाणे आणि त्याबरोबरची लाचारी सोडण्याचे आवाहन झाले, तेव्हा हाच नफा-तोट्याचा हिशोब पुढे आला. याची आठवण बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सांगितली. मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडल्यामुळे महारांचे शिंगे, खूर आणि कातड्याचे वर्षाला पाचशे रुपयांचे उत्पन्न बुडते, असा कळवळा कोणीतरी 'केसरी'तून व्यक्त केला होता. बाबासाहेबांनी त्याला सुचवले की, हे काम तुमच्यापैकी कोणी करावे, ते पाचशे तर घ्यावेतच, वर मी पाचशे देतो. सभेत हशा पिकला असेल; पण त्या उत्तरात एक गंभीर अर्थशास्त्र आहे. काही कामांतले उत्पन्न माणसाला कामाशी बांधून ठेवण्यासाठीच दिलेले असते. ते सोडणे आकड्यांत तोट्याचेच दिसते.

गाव सोडून मुंबईला आलेल्या आपल्या माणसांनाही कामाची निवड लगेच मिळाली नाही. कापड गिरण्यांत चांगली मजुरी विणाईच्या खात्यात, म्हणजे साच्यांवर होती. तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण सांगत ते असे की, कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागतो, मग तो धोटा इतरांनी तोंडाला कसा लावावा? बोटभर धाग्यापायी हजारो माणसे कमी मजुरीच्या खात्यांत अडकून पडली. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली, ती उगाच नव्हे.

पुढे १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात त्यांनी या अनुभवाची तात्त्विक मांडणी केली. जातिव्यवस्था कामाबरोबर काम करणाऱ्यांचीही वाटणी करते. उद्योग बदलले तरी ती माणसाला धंदा बदलू देत नाही, म्हणून बेकारीचे एक थेट कारण ती स्वतःच आहे. याच विवेचनात एक मुद्दा आहे, त्याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. ज्या कामात करणाऱ्याचे मन नाही आणि बुद्धीही नाही, त्या कामात कार्यक्षमता कोठून येणार, असे त्यांनी विचारले आहे. कामात मन असणे ही बाबासाहेबांनी समाजरचनेला लावलेली कसोटी आहे. आमच्याकडे येऊन 'मन लागत नाही' म्हणणारा मुलगा, त्याला ठाऊक असो वा नसो, तीच कसोटी स्वतःच्या नोकरीला लावत असतो.

कसोटी लावणे सोपे. पुढचे पाऊल टाकणे अवघड. त्यासाठी बाबासाहेबांचे स्वतःचे नोकरीचे जीवन आम्हांला फार शिकवणारे वाटते. जयंतीच्या भाषणांत पदव्यांची यादी येते, नोकऱ्यांची येत नाही.

बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीचा करार पाळण्यासाठी १९१७ साली ते बडोद्याला गेले. पद मोठे होते. पण शिपाई कागद हातात न देता दुरून टाकत, आणि शहरात राहायला जागा मिळेना. नाव लपवून ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले, तेथून अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हे सोडणे त्यांच्यावर लादलेले होते. मुंबईत परतल्यावर शिकवण्या केल्या, शेअर्सविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, वेतन साडेचारशे रुपये. त्या काळी ही रक्कम थोडकी नव्हती. वर्गात नाव झाले. आणि मार्च १९२० मध्ये त्यांनी ही नोकरी स्वतःहून सोडली.

ती कशी सोडली, हे नीट पाहावे. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायचे, हे उद्दिष्ट आधी निश्चित होते. प्राध्यापकाचा पगार मिळत असतानाही बिऱ्हाड परळच्या चाळीतच ठेवले आणि शिल्लक टाकली. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले. मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले. मगच बोटीत पाय ठेवला. परत येऊन १९२३ मध्ये वकिली सुरू केली तेव्हाही केवळ अशिलांवर विसंबून राहिले नाहीत. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या लेखाशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी घरखर्चाला आधार केला. वकिली त्यांना हवी होती, कारण सरकारी नोकराला जे स्वातंत्र्य नसते ते वकिलाला असते आणि चळवळीला तेच लागत होते. पण स्वातंत्र्याचे भाडेही दरमहा भरावे लागते, याचे भान त्यांनी सोडले नाही.

या काळात माता रमाईंनी चाळीतल्या दोन खोल्यांचा संसार कसा ओढला, हे सर्वांना माहीत आहे. आम्ही येथे एवढेच म्हणू की, घरातल्या एकाने काम बदलले की त्याची किंमत घरातले सगळे मोजतात. म्हणून निर्णयाच्या बैठकीत त्यांना बसवलेच पाहिजे. आमच्याकडे सल्ल्यासाठी एकट्याने येणाऱ्या मुलांना आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "घरी सांगितलेस का?" निम्म्यांची मान खाली जाते.

बडोदे आणि सिडनहॅम यांत आम्ही करतो तो भेद आजही उपयोगी पडतो. काही मुले म्हणतात काम नीरस आहे. थोडे खोदून विचारले की कळते, काम नीरस नाही. कार्यालयात डबा एकत्र खाताना होणारी कुजबुज, 'कोट्यातला' म्हणून मारलेला टोमणा, महत्त्वाची फाइल मुद्दाम दुसऱ्याकडे जाणे, हे खरे दुखणे आहे. अशा वेळी क्षेत्र बदलल्याने सुटका होईलच असे नाही. तोच टोमणा दुसऱ्या कार्यालयात नव्या आवाजात ऐकू येईल. तेथे तक्रार, संघटना आणि कायदा ही साधने आधी वापरावीत. अपमान टाळण्यासाठी नोकरी सोडणे आणि मोठ्या उद्दिष्टासाठी नोकरी सोडणे, या दोन गोष्टी राजीनाम्याच्या कागदावर सारख्याच दिसतात, पण त्यांचा सल्ला वेगळा आहे.

आणि प्रत्येकाने सोडावेच असेही आम्ही म्हणत नाही. 'बलुतं' लिहिणारे दया पवार रेल्वेच्या नोकरीत होते. उर्मिला पवार यांनी सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करत लेखन आणि चळवळ सांभाळली. नोकरीने भाकरी दिली, संध्याकाळने समाधान दिले, अशी आपल्या चळवळीतली कितीतरी आयुष्ये आहेत. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. पोट सांभाळून पुढे सरकण्याची ही सोय त्यांनी स्वतःच्या अनुभवातूनच केली असावी.

धम्माकडे वळलो तर अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहेच. शस्त्रे, प्राणी, मांस, मादक द्रव्ये आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे तथागतांनी सांगितले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये याचा अर्थ सोपा केला आहे. दुसऱ्याला इजा किंवा अन्याय न करता पोट भरणे म्हणजे सम्यक आजीविका. याच ग्रंथात शाक्यांचा न्हावी उपाली आणि रस्ते झाडणारा सुनीत यांच्या धम्मदीक्षेच्या कथा आहेत. भिक्षू होणे म्हणजे नोकरी बदलणे नव्हे, हे आम्हांलाही कळते. परंतु संघात आल्यावर उपालीला कोणी वस्तऱ्याजवळ ठेवले नाही. तो विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार झाला. आधीच्या कामाने पुढचे काम ठरू नये, हा दंडक अडीच हजार वर्षांपूर्वी तेथे पाळला गेला होता.

आता आपल्याच शाळेतल्या एका मुलाविषयी. त्याचे नाव आम्ही देत नाही. तो वाचेल आणि ओळखेल. वडील एका नगरपालिकेत सफाई कामगार. मुलगा दहावीपर्यंत येथे वसतिगृहात होता, लहान मुलांचा अभ्यास घेण्याची त्याला भारी हौस. त्याने डी.एड. केले आणि २०१२ पासून राज्यात शिक्षक भरती थांबली. त्यातच वडील वारले. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. घरात आई, धाकटा भाऊ, लग्नाची बहीण. त्याने वडिलांचा झाडू हातात घेतला.

या शिफारशींनी असंख्य कुटुंबे तगली आहेत, हे आम्ही कृतज्ञतेने नोंदवतो. मात्र झाडूची नोकरी वारशाने येते आणि अधिकाऱ्याची येत नाही, हेही डोळ्यांआड करता येत नाही. जुन्या वतनाची आणि या वारशाची तुलना काहींना बोचेल. येथे वेतन आहे, रजा आहे, संघटना आहे, सक्ती नाही, हे फरक मोठे आहेत. पण पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात एकच काम उतरत राहते आणि सोडताना घर हादरते, एवढे साम्य उरतेच.

मुलगा पहाटे सहाला हजेरीला जाई, दुपारी मोकळा होई. वस्तीतल्या विहारात संध्याकाळी मुलांना शिकवी. शिक्षक पात्रता परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाला. अभियोग्यता परीक्षेत पहिल्या वेळी गुण कमी पडले, २०२३ मध्ये जमले. पवित्र पोर्टलवरून जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी निवड झाली, आणि त्या रात्री त्याच्या घरी चूल थंड राहिली. कारण शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षे मानधन असते, प्राथमिकला महिना सोळा हजार. त्याचा सफाईच्या कायम नोकरीतला पगार याहून बराच अधिक होता. आई आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, त्याचा बाप झाडत होता, पण घरात पगार येत होता. ही जागा एकदा गेली की घरातून गेली. मग धाकट्याचं काय?"

तिच्या बोलण्यात चूक काहीच नव्हते. जागा खरोखरच परत मिळणार नव्हती. आम्ही तिला उपदेश केला नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मुलगा, सून आणि आई तिघेही होते. छत्तीस महिन्यांत दरमहा किती तूट येईल, ते मांडले. मुलाने सहा वर्षे पतसंस्थेत आवर्ती ठेव भरली होती, हे आईला त्या दिवशी प्रथम कळले. सून शिवणकाम करत होतीच, तिने एक शाळेचा गणवेशाचा ठेका मिळतो का ते पाहण्याचे कबूल केले. तरी थोडी तूट राहिली. ती आईने स्वतःच, बऱ्याच वेळाने, आपल्या कुटुंब निवृत्तिवेतनातून भरून काढायचे म्हटले.

येथे एक व्यावहारिक गोष्ट सर्वांसाठी. शासकीय वा निमशासकीय नोकरीतून दुसऱ्या तशाच नोकरीत जाताना भरल्या रागाने किंवा भरल्या आनंदाने राजीनामा फेकू नये. नव्या पदासाठीचा अर्ज कार्यालयामार्फत, योग्य मार्गाने करावा, ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे, आणि नव्या पदावर जाण्यासाठीच कार्यमुक्त होत आहोत हे आदेशात लिहून घ्यावे. सरळ राजीनामा दिला तर मागील सेवेचे लाभ सामान्यतः बुडतात. आपल्या आस्थापनेचा नियम काय आहे, ते आधी लेखी विचारावे. आरक्षित पदासाठी जातवैधता प्रमाणपत्र आणि वयोमर्यादा (राज्य सेवेत मागासवर्गीयांसाठी सर्वसाधारणपणे ४३ वर्षे) हेही वेळेत पाहावे. वय निघून गेल्यावर जागी झालेली गुणी मुले आम्ही पाहिली आहेत. आमच्या या विद्यार्थ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र एका टेबलावर अडीच आठवडे पडून राहिले होते. "झाडूवाल्याला मास्तर व्हायचंय होय?" असे त्याला तेथे ऐकवले गेले. त्याने उत्तर दिले नाही, अर्जाची पोच मागितली.

आता तो एका दुर्गम तालुक्यात दोनशिक्षकी शाळेत आहे. काम आदर्श आहे असे तो म्हणत नाही. ऑनलाइन माहिती भरण्यात, सर्वेक्षणांत आणि पोषण आहाराच्या नोंदीत दिवस जातो, शिकवायला वेळ उरत नाही, अशी त्याची तक्रार आहे. ती आम्हा सर्व शिक्षकांची आहे. सोळा हजारांत दोन ठिकाणचे भाडे भागत नाही म्हणून तो शनिवारी रात्री घरी येतो आणि सोमवारी पहाटे साडेचारच्या एस.टी.ने परततो. पण चौथीच्या मुलांना दशमान अपूर्णांक शिकवताना लिंबू कापून दाखवल्याची हकीकत तो सांगू लागला की, वीस मिनिटे थांबत नाही.

धाकट्या भावाने वारशाच्या नोकरीची वाट न पाहता औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीचा अभ्यासक्रम धरला आहे. गेल्या मेळाव्याला आईही आली होती. आम्हांला बाजूला घेऊन तिने विचारले, "गुरुजी, कायम कधी होणार तो?" आम्ही सांगितले, अजून सव्वा वर्ष. तिने बोटांवर महिने मोजले, मग पिशवीतून एक कागद काढून पुढे केला. नातीच्या पाचवीच्या प्रवेशाचा तो अर्ज होता, आणि पालकाच्या व्यवसायाच्या रकान्यात मुलाने 'शिक्षणसेवक' असे लिहिले होते.